लोकरीखाली

हिमाचलातल्या कोटगढला पोचले तेव्हा सफरचंद उतरून झालं होतं. ऑक्टोबर लागला होता. फांद्यांना दिलेले टेकू काढून एका कडेला रचलेले, शेडमध्ये पुठ्ठ्याचे फाटके ट्रे आणि मार लागलेली चार फळं. वऱ्हाड निघून गेल्यावर दुसऱ्या दिवशी लग्नघरात असतो तसला रितेपणा सगळ्या बागेवर पसरलेला. मैत्रिणीचं माहेर हे. तिच्या वडिलांना मी हॉस्टेलच्या दिवसांपासून अंकल म्हणते. ते मला बाग दाखवायला घेऊन निघाले. दाखवण्यासारखं आता काही उरलं नव्हतं, म्हणूनच त्यांच्याकडे वेळ होता.

चार-पाच ओळी ओलांडून एका जुन्या झाडापाशी मी थबकले. मनगटाएवढी फांदी मागच्या हिवाळ्यात कापलेली, आणि कापल्या जागी कडेकडेनं पांढराशुभ्र कापूस. मला खरंच वाटलं, कुणीतरी जखमेला औषध लावून वर कापूस दाबून ठेवलाय. डोंगरातली माणसं झाडांचं एवढं करतात, याचं कौतुकही वाटलं आणि मी ते बोलूनही दाखवलं. अंकल हसले. अंगठा त्या कापसावर टेकवून त्यांनी जरा फिरवला आणि माझ्यापुढे धरला. अंगठा लाल. कुंकवाचा लाल नव्हे. सुकत आलेल्या रक्ताचा, जांभळ्याकडे झुकलेला.

"रुई नहीं है, बेटा. वूली एफिड."

लोकरी मावा. हा शब्द मला कुणी शिकवायची गरज नव्हती. आमच्या घरात तो २००२ साली आला होता, फक्त तेव्हा तो सफरचंदाचा नव्हता.

आमचं गाव वाळवा तालुक्यातलं, कृष्णाकाठचं. मी अकरावीत होते. त्या वर्षी जुलैत सांगली जिल्ह्यात उसाच्या पानांवर पांढरं काहीतरी दिसायला लागलं. पहिल्यांदा कुणाच्या रानात दिसलं यावर आमच्याकडे अजून वाद होतात. प्रत्येक गावाच्या मते ते शेजारच्या गावातून आलं. आसाम, नागालँडकडच्या उसावर ही कीड आधीपासून होती. जावा बेटावर तर ती शंभर वर्षांपूर्वीच नोंदली गेली होती. पण हे सगळं नंतर कळलं. आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, तेव्हा एवढंच कळत होतं, की आयुष्यभर ऊस करूनही ही पांढरी बला त्यांनी कधी पाहिली नव्हती.

पान उलटं केलं की मधल्या शिरेच्या दोन्ही अंगांना पिठाची गिरणी. आणि त्याच्याच खालच्या पानाची वरची बाजू म्हणजे कोळशाची वखार. कारण मावा रस पितो, पोटात मावत नाही तेवढी साखर थेंबाथेंबानं टाकत राहतो, ती खालच्या पानावर पडते आणि तिच्यावर काळी बुरशी धरते. उसाची साखर कारखान्यात जायच्या आधीच अशी पानापानांवर सांडत होती. सरीतून चाललं की चपला पाचटाला चिकटायच्या. वाढं टाकलं तर म्हैस हुंगायची आणि मान फिरवायची. आण्णा उसातून बाहेर आले की डोकं, भुवया, मिशा सगळं पांढरं असायचं. पहिल्या दिवशी आई त्यांना बघून हसली होती. "काय गिरणीत कामाला लागलाय का?" म्हणाली. आठवड्याभरात ती हसायची बंद झाली.

मग फवारणी. दुकानदारानं जे दिलं ते आणलं, जितकं सांगितलं त्याहून जरा जास्तच घातलं, कारण कमी पडायला नको. पण आडसाली ऊस तोवर डोक्याच्या वर गेलेला. पाठीवर पंप घेऊन त्यात शिरायचं कसं आणि पानाच्या खालच्या बाजूला पोचायचं कसं? वरून औषध मारलं की मेणाच्या त्या लोकरीवरून ते ओघळून जायचं, अळवाच्या पानावरून पाणी जावं तसं. मग कुणीतरी सांगितलं भुकटी मारा. भुकटीही मारली. तोंडाला पंचा बांधून आण्णा आणि आमचे तात्या दोघं रानात, आणि बांधावर पाण्याची घागर घेऊन मी. दहा-बारा दिवस बरं वाटलं. नंतर ते पांढरं असं परत आलं, की आधीचं परवडलं म्हणावं.

का, ते मला त्या वयात समजलं नाही. एवढं आठवतं, की फवारणीच्या दुसऱ्या दिवशी सरीत पडलेल्या मेलेल्या किड्यांत सगळेच पांढरे नव्हते. काही तपकिरी, नाजूक, जाळीदार पंखांचे होते. ते कोण, असं मी विचारलंही नाही.

मित्रकिडी हा शब्द त्यानंतर ऐकला. पुण्याजवळ मांजरीच्या वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूटमध्ये त्या वाढवतात आणि उसात सोडायला देतात, असं गावात बोललं जाऊ लागलं. एकीचं नाव कोनोबाथ्रा, हिलाच पुढे डिफा म्हणायला लागले. दुसरी मायक्रोमस. हेक्टरी हजार अळ्या कोनोबाथ्राच्या, नाहीतर अडीच हजार मायक्रोमसच्या, असा हिशेब आण्णांनी दुधाच्या वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवला होता. लिहून झाल्यावर बराच वेळ ते वहीकडे बघत बसले. "अळी सोडायची? आपल्या हातानं? उसात?"

त्यांचं चुकत नव्हतं. उसात अळी म्हणजे खोडकिडा, हे त्यांना त्यांच्या वडिलांनी शिकवलेलं. पतंगाची अळी असून पान न खाता मावा खाते, हे ऐकायलाच विचित्र. पण कोनोबाथ्रा खरंच तशी आहे. माव्याच्या थरातच रेशमाचं जाळं विणते, त्याच्या आडोशाला राहते आणि आतल्या आत खात सुटते. मायक्रोमस त्याहून चपळ. त्या तपकिरी जाळीदार पंखवाल्यांची ही पोरं. विळ्यासारखे दोन जबडे माव्यात खुपसतात आणि शोषून टरफल टाकून देतात. सरीत पडलेले ते मेलेले किडे कोण होते, ते मला तेव्हा उमगलं. आण्णांनाही उमगलं असणार. ते काही बोलले नाहीत.

पिशवीतून आणलेले, मित्रकिडी असलेले पानांचे तुकडे टाचणीनं हिरव्या पानाला टोचायचे, पाच-पाच पावलं टाकत. हे काम मी केलं. हाताला उसाचं पान कापायचं आणि त्यावर तो चिकटा लागला की चरचरायचं. टोचून झाल्यावर करायचं काय, तर काहीच नाही. फवारणी बंद. आणि हेच आण्णांना जमेना. रोज संध्याकाळी हात पाठीमागे बांधून ते उसाच्या कडेनं फिरायचे. हात मुद्दाम मागे बांधत होते की काय, असं मला आता वाटतं. शेजारच्या रानात पंपाचा आवाज आला की त्यांची पावलं थांबायची.

तो ऊस काही वाचला नाही. वजन गेलं, साखरेचा उतारा गेला, वरून पावसानंही दगा दिला. पुढच्या दोन-तीन हंगामांत मावा ओसरत गेला. मित्रकिडी रानोमाळ पसरल्या, आणि आसामातून एक इवलीशी गांधीलमाशीही आणून सोडली गेली, एन्कार्सिया नावाची. पण घरात "लोकरी" म्हटलं, की आईच्या कपाळावर आठी येते ती आजही येते. स्वेटरची लोकरसुद्धा ती "ऊल" म्हणते.

तर असा सगळा इतिहास डोक्यात घेऊन मी हिमाचलातल्या त्या झाडापुढे उभी. अंकलना सांगितलं, तर ते चकितच झाले. "गन्ने में भी?" हो, गन्ने में भी. माणूस वेगळा, आडनाव तेच, असला प्रकार. उसावरचा तो सेराटोव्हॅकुना लॅनिजेरा आणि सफरचंदावरचा एरिओसोमा लॅनिजेरम. लॅटिनमध्ये लॅनिजेर म्हणजे लोकर वागवणारा. सख्खे भाऊ नाहीत, लांबचे चुलत.

अंकलकडे कलमाच्या कामाचं भिंग होतं. त्यांनी ते आणून दिलं आणि मी तिथंच उकिडवी बसले. भिंगाखाली कापूस राहिला नाही. मेणाचे बारीक कुरळे धागे, चुलीवर शेवया तरंगाव्यात तसे, आणि त्यांच्या बुंध्याशी गच्च बसलेल्या, चॉकलेटी-जांभळ्या, फुगीर पाठीच्या माद्या. डोकं खाली, सोंड सालीत, हालचाल शून्य. मध्येच एक पिवळट-तांबूस पिल्लू सहा पायांवर तुरुतुरु निघालं, कडेपर्यंत आलं, आणि परत आईच्या कुशीत गेलं. दोन धाग्यांच्या मध्ये चिकट थेंब अडकला होता. तोही मेणात गुंडाळला गेल्यामुळे कुणाच्या अंगाला लागत नव्हता. स्वतःच्याच गोडात बुडून मरू नये, याची ही व्यवस्था. सुंदर होतं, नाही कसं म्हणू? जर्मन लोक याला रक्तऊ म्हणतात. ते चिरडल्यावरचं नाव. भिंगातून पाहणाऱ्यानं वेगळं ठेवलं असतं.

इंग्रज याला अमेरिकन ब्लाइट म्हणायचे. १७८७च्या सुमारास लंडनच्या एका रोपवाटिकेत तो दिसला आणि बघता बघता इंग्लंडच्या बागा पांढऱ्या झाल्या. कॅप्टन कुकबरोबर समुद्र पालथे घातलेल्या जोसेफ बँक्सलाही त्यावर लिहावंसं वाटलं. मावा खरंच अमेरिकेचा. तिथल्या एल्म वृक्षाचा तो जुना रहिवासी. सफरचंद मात्र मूळचं मध्य आशियाचं, तिएन शान डोंगरांतलं. गोऱ्यांनी ते अमेरिकेत नेलं, आणि एल्मवरच्या या माव्याला एक नवीन घर सापडलं. तिथून कलमांबरोबर युरोप, मग आपल्याकडे. भारतात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कुन्नूरला उतरला, मग शिमल्याच्या डोंगरांत.

घर बदललं पण एल्म बरोबर आला नाही, आणि त्यातून एक गंमत झाली. अमेरिकेत शरद ऋतूत पंखवाले मावे एल्मवर परततात, तिथं नर आणि मादी जन्मतात. दोघांनाही तोंड नसतं. खाणंपिणं काही नाही; मीलन करायचं, मादीनं एकच अंडं घालायचं, संपलं. हा अमेरिकन एल्म इथं नाही, त्यामुळे इथं ते लग्नच होत नाही. इथल्या बागांत ज्या आहेत त्या सगळ्या बायका. नराशिवाय, अंड्याशिवाय, थेट पिल्लांना जन्म देणाऱ्या. एकेक मादी शंभराच्या आसपास मुलींना. मी हे मैत्रिणीला रात्री जेवताना सांगितलं, तर तिची दादी शांतपणे म्हणाली, "तभी तो ख़त्म नहीं होते." तिला पाच मुली.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंकलनी फावडं घेतलं आणि त्याच झाडाचा तौलिया उकरला. तौलिया म्हणजे अंग पुसायचा नव्हे, झाडाभोवतीचं आळं. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी त्यांना आतून टॉवेल आणून दिला होता, ही गोष्ट ते प्रत्येक पाहुण्याला सांगतात. वीतभर खाली मुळं दिसली आणि त्यांना गाठी, आल्याच्या गड्ड्यासारख्या, एकाला एक लागून. गाठींच्या बेचक्यांत तीच लोकर, मातीनं मळलेली. वरच्या फांद्यांवरचे मावे थंडीत बहुतेक मरतात, पण मुळांवरचे जमिनीच्या उबेत तगतात. वसंतात पिल्लं बुंध्यावरून वर चढतात. वर औषध मारून हात झटकणाऱ्याचा अर्धा शत्रू असा कायम पायाखाली असतो.

यावर इलाज सापडला तो औषधात नाही, एका झाडात. न्यूयॉर्क राज्यातल्या 'नॉर्दर्न स्पाय' जातीच्या सफरचंदावर हा मावा टिकत नाही. नाव बघा, उत्तरेचा हेर. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या बागायतदारांनी ते आधी हेरलं आणि त्याच्या मुळावर आपली कलमं बांधली. मग इंग्लंडमध्ये ईस्ट मॉलिंग आणि मर्टन या दोन ठिकाणच्या संशोधकांनी त्याच्या संकरातून कलमाखालचे खुंट तयार केले. एमएम १०६, एमएम १११ हे आकडे हिमाचलातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येतात, आमच्याकडे उसाच्या जातीचा ८६०३२ ऐकू येतो तसे. पण खुंट मूळ राखतो. कलमाच्या वरचं झाड डिलिशस जातीचंच, आणि ते बिचारं उघडंच. आता अंकलच्या मुलानं वरच्या वाफ्यात तारांवर घट्ट लागवड केली आहे, ती एम ९ या खुंटावर. झाड बुटकं, फळ लवकर, पण या माव्यापुढे मुळंही उघडी. बाप-लेकांत यावरून रोज एक फेरी होते. मी दोन्ही बाजूंना मान डोलावली. पाहुण्यानं आणखी काय करावं?

झाडाच्या वरच्या भागात शिरायला माव्याला दार लागतं, आणि ते दार आपणच उघडून देतो. धडधाकट सालीतून सोंड घालणं त्याला जड जातं. छाटणीचा काप, गारांचा मार, शिडी घासलेली जागा, अशा ठिकाणी तो बसतो. म्हणून छाटल्या छाटल्या जखमेला चौबटिया पेस्ट लावायची. रानीखेतजवळच्या चौबटियाच्या फळसंशोधन केंद्राची ही देणगी. तांब्याचा एक क्षार, जवसाचं तेल आणि शेंदूर. शेंदूर ऐकून मी परत विचारलं. हो, सिंदूरच. आमच्या बांधावरच्या म्हसोबाला लावतात तोच. गेल्या हिवाळ्यात छाटणीला माणसं मिळाली नाहीत, जी मिळाली ती घाईत होती, आणि या झाडाला शेंदूर लागायचा राहून गेला. "मेरी गलती," अंकल म्हणाले. मला आण्णा आठवले. त्यांनी असं कधी म्हटलं नाही, पण त्यांचे ते मागे बांधलेले हात तेच म्हणत होते.

मग अंकलनी मला जे दाखवलं, त्यासाठी मी हा लेख लिहायला घेतला.

चार झाडं पलीकडे एका फांदीवर लोकर विरळ झाली होती, जुन्या गोधडीतून कापूस निघावा तशी. आत काळे मणी. भिंग लावलं. प्रत्येक मणी म्हणजे एक मावा, फुगलेला, वाळलेला, जागच्या जागी चिकटलेला, अंगावरची लोकर गेलेली. आणि बऱ्याच मण्यांच्या पाठीवर एकेक गोल भोक. इतकं गोल, की सोनारानं पाडलं असेल असं वाटावं. ही ॲफेलिनस मालीची करणी. मिलिमीटरभराची काळी गांधीलमाशी. माव्याच्या पोटात एक अंडं घालते, आतली अळी माव्याला आतून खाते, तिथंच कोष करते आणि पाठीला भोक पाडून निघून जाते. तीही अमेरिकेचीच. फ्रान्सनं १९२०मध्ये नेली, न्यूझीलंडनं १९२१मध्ये, आणि पुढे ती आपल्या हिमालयातही आणून सोडली गेली. फळ कझाकस्तानकडचं, कीड अमेरिकेची, खुंट इंग्लंडचा, आणि कोटगढात सफरचंद रुजवणारा माणूस फिलाडेल्फियाचा. १९१६ साली रेड डिलिशस आणणारे सॅम्युअल स्टोक्स, जे पुढे सत्यानंद झाले आणि असहकारात तुरुंगातही गेले. पहाडी काय, तर माती आणि मजूर. मजूरही बहुतेक नेपाळचे.

ही माशी सगळं काम करत नाही. मुळांपर्यंत ती पोचत नाही आणि वसंतात तिला जाग उशिरा येते, तोवर मावा पुढे निघून गेलेला असतो. धीर धरला तर उन्हाळ्याअखेर ती गाठते. डीडीटी आली तेव्हा जगभरच्या बागायतदारांनी दुसऱ्या किडींवर ती सढळ हातानं मारली, आणि आटोक्यात आलेला लोकरी मावा परत उफाळला, कारण माशी आधी मेली. आमच्या सरीत जे पडलं होतं, तेच.

अंकलनी खिशातून छाटणीची कात्री काढली. काळ्या मण्यांची ती वीतभर काडी कापली, आणखी तीन-चार कापल्या, आणि आम्ही चढ चढून मुलाच्या नव्या वाफ्यात गेलो. तिथल्या बुटक्या झाडांवर पांढरं नुकतं दिसायला लागलं होतं. त्यांनी एकेक काडी सुतळीनं फांदीला बांधली. फार घट्ट नाही, सैल नाही. मुलगा खालून बघत होता. "पंद्रह दिन पंप को हाथ नहीं लगाना," त्याला ओरडून सांगितलं. त्यानं उत्तर दिलं नाही. शेवटची सुतळी मी बांधली. बोटांना टाचणीची सवय होती; गाठ मारायला वेळ लागला.

रात्री आण्णांना फोन केला. सगळं सांगितलं, शेंदूर, तौलिया, काळे मणी. ते ऐकत होते. मग म्हणाले, "बांधलंस ती काडी उन्हाच्या बाजूला का सावलीच्या?" मी बघितलं नव्हतं. "आणि पेटीला काय भाव लागला म्हणायचा त्यांना?"

मी फोन कानाला तसाच ठेवून अंकलना विचारलं. अंकलनी चहाचा कप खाली ठेवला. "पहले उनसे पूछो, गन्ने का क्या मिला."

मग दोघंही बराच वेळ हवामानावरच बोलत राहिले, आणि मी मध्ये बसून इकडचं तिकडे सांगत राहिले.